माणशी अडीच भाकरी

शुमारी अप्पांनी जन्मात एकच खोटं कागदावर लिहिलं, आणि धाराशिवात लोकांनी त्यांचं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. 'घरी बसून गावं मोजणारा अहलकार' अशी त्यांची थट्टा व्हायची. ती कानावर पडली की मी मान खाली घालून पुढं निघून जायचो. आता थट्टा करणारे राहिले नाहीत, अप्पाही नाहीत, आणि मी नव्वदीला टेकलोय. तेव्हा सांगून टाकतो. अप्पा त्या गावाला गेले होते. मी त्यांच्याबरोबर होतो.

निजामाचं राज्य होतं. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद आणि बायकांच्या तोंडी धाराशिव. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायला आलो आणि अप्पांच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अप्पा जातीनं लिंगायत, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात गुडघ्यापर्यंत लांब बंद गळ्याचा कोट आणि कानावर पेन्सिल. कचेरीत अहलकार म्हणजे कारकून होते. खानेसुमारीला तेव्हा मर्दुमशुमारी म्हणायचे, आणि अप्पांची सगळी नोकरी त्या शुमारीत गेली. म्हणून ते शुमारी अप्पा. पुढं दुसरी मोठी लढाई सुरू झाली, धान्य माणशी मिळायला लागलं, गावोगावच्या माणसांच्या याद्या पाहिजे झाल्या, आणि कचेरीनं पेन्शनीत निघालेल्या अप्पांना घरून बोलावून नेलं. ते नवरदेवासारखे गेले.

भाडेकरू म्हणून माझा पहिला आठवडा. सकाळी अप्पा ओसरीवर उभे राहून म्हणाले, "मास्तर, काल तुमच्याकडं तिघं आलते. त्यातला एक जेवला न्हाय."

मी चकित झालो, कारण अप्पा काल दिवसभर बाहेरगावी होते. मोरीजवळ हात धुतल्याच्या किती खुणा आहेत आणि बाहेर टाकलेल्या पत्रावळी किती, एवढ्यावर त्यांनी माझे पाहुणे मोजले होते. त्या दिवसापासून मी पत्रावळी लांब नेऊन टाकायला लागलो. त्यावरही ते हसले. म्हणाले, "लांब टाकल्या म्हंजे चारपेक्षा जास्ती आलते."

त्यांचा आवडता शब्द तखमीना. कचेरीच्या भाषेत तखमीना म्हणजे अंदाजच, पण अप्पांपुढं तसं म्हणायची सोय नव्हती. "अंदाज बसल्या जागी करत्यात," ते म्हणायचे. "तखमीना पायातनं येतो." ज्या गावात पाय ठेवला नाही त्या गावाचा आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. उन्हातान्हात, चिखलात, नदीला पाणी असलं तर कोट डोक्याला गुंडाळून ते पलीकडं जायचे. बाकीचे अहलकार पाटलाच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन गाव लिहून आणत. अप्पा त्यांच्याशी बोलत नसत. शितावरून भाताची परीक्षा, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "शितावरनं भात कळतो मास्तर. जेवणारे कळत न्हाईत."

दुसरा नेम असा, की माणसाला विचारायचं नाही. घरात किती जण, हा प्रश्न अप्पांनी उभ्या नोकरीत कुणाला केला नाही. विचारलं की माणूस आठवून सांगतो आणि आठवताना स्वतःच्या सोयीचं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. ते वस्तूंना विचारायचे. लग्नात मांडवाबाहेरच्या चपला मोजायचे आणि अनवाणी येणारे किती, ते धुळीतल्या पावलांवरून त्यात मिळवायचे. चैतात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. तिथं लोक रानातून चुनखडीचे पाच-पाच खडे वेचून ढिगावर टाकतात. एका वर्षी अप्पांनी त्या ढिगाला चारी बाजूंनी काठी लावून यात्रेचा आकडा काढला. पुजाऱ्यानं सांगितलेला आकडा त्याच्या तिप्पट होता. पुजारी रागावला. अप्पा शांतपणे म्हणाले, "माणूस देवापुढंबी वाढवून सांगतो, ढीग कशाला सांगंल?"

आणि घर मोजायचं त्यांचं माप म्हणजे भाकरी. कष्टाच्या गड्याला एका जेवणाला अडीच, बाईला दोन, पोराला एक, म्हाताऱ्या माणसाला एक. ही ज्वारीची भाकरी, आमच्याकडची, हातभर पसरलेली. सकाळी बायकांच्या भाकरी थापून झाल्या की अप्पा गावात शिरत. उंबऱ्यावर टोपलं आणून ठेवायला सांगत, फडकं बाजूला करत, ओठ हलवत आणि लिहीत. टोपलं मोजलं की घर मोजलं. साडेसात भाकरी म्हणजे एक गडी, एक बाई, एक म्हातारं, दोन पोरं. विचारायचं कशाला? त्यांच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा म्हणायच्या, "यांना माणसाचं तोंड ध्यानात राहात न्हाय, भाकर राहती."

खरंच तसं होतं. अप्पांना रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते ओळखत नसत. पण गाव आणि घर सांगितलं की दहा वर्षांमागचं टोपलं सांगत.

आता मी त्या गावाकडं येतो. येरमाळ्याच्या वाटेवर आडबाजूला ते गाव आहे, नाव सांगत नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मीही अप्पांच्या मागं गेलो. मोटारीनं काही वाट, पुढं पायी. सकाळी पोचलो. अप्पा एकेका उंबऱ्यावर टोपलं मोजत पुढं सरकत होते आणि मी सावली धरून मागं मागं. एका टोपल्यात वरची भाकरी काठाला करपलेली होती, नखाएवढा काळा डाग. दोन घरं सोडून तिसऱ्या टोपल्यात मला तोच डाग दिसला. पुढच्या आळीत पुन्हा तोच.

मी भिंतीपलीकडं डोकावलो. परसातून एक बाई पदराखाली भाकरी घेऊन शेजारच्या भिंतीवरून पलीकडच्या हातात देत होती. तिनं मला पाहिलं. घाबरली नाही. ओठावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी हसली.

सगळ्या गावाला अप्पांचं माप पाठ होतं. त्या गावचे काही गडी वर्षापूर्वी एका मुकादमाबरोबर समुद्राकाठी धक्क्याच्या कामाला दगड फोडायला गेले होते. ते गैरहजर लागले असते तर त्यांच्या वाट्याचं धान्य तुटलं असतं, आणि त्या दिवसांत ते धान्य म्हणजे घरातल्या पोरांचं अर्धं पोट होतं. म्हणून बायकांनी गावात नसलेल्या नवऱ्यांच्या भाकरी दाखवल्या. अप्पांनी लिहिलं, गाव पूर्ण हजर.

मला हसू आवरेना. ज्या माणसानं माझ्या पत्रावळी मोजल्या, त्याला चार बायकांनी करपलेल्या भाकरीनं गंडवलं, ही गोष्ट मला शाळा उघडेपर्यंत पुरली. मी अप्पांना सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्यांची जिरली याचं मला बरं वाटलं. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे तो असा.

लढाई संपली त्या हिवाळ्यात बातमी आली, की वर कुठंतरी समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि पाणी उठून किनाऱ्यावर चढलं. आता त्याला त्सुनामी म्हणतात, टीव्हीवर दाखवतात. तेव्हा आम्हाला शब्दच नव्हता. वाचनालयात उर्दू अखबार यायचा, त्यात चार ओळी होत्या आणि शेवटी एक आकडा. अप्पा तो अखबार हातात धरून माझ्याकडं आले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हा आकडा कुणी काढला मास्तर? कुठं उभं राहून काढला?"

त्यांनी माझा नकाशा मागून नेला. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. त्यांचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली तेरणा. पण आठ दिवस त्यांनी त्या नकाशावर मान वाकवली. किनाऱ्याच्या ज्या पट्ट्याला पाणी लागलं असेल तो पेन्सिलीनं रंगवला. कचेरीतला एक शिपाई लहानपणी कोकणात राहिलेला, त्याला गाठून भरती किती पावलं चढते, होड्या कधी निघतात, कधी परततात, सकाळच्या वेळी वाळूत कोण कोण असतं, असं खोदून खोदून काढलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं आपल्यावर काही बालंट आलंय.

तिथल्या गावांची वस्ती किती, यावर अप्पांचा भर नव्हता. "पाणी घराच्या नोंदीला लागत न्हाय," ते मला समजावत होते. "त्या घडीला तिथं जो उभा असंल त्याला लागतं. वस्ती काढून काय उपेग? सकाळ काढा." मग त्यांनी सकाळ काढली. कोळी किती, त्यांच्या वाट बघणाऱ्या बायका किती, मिठागरावरची माणसं किती. अखबारात असं होतं की पाणी चढायच्या आधी बरंच मागं हटलं होतं. त्यावर अप्पा खूष झाले. पाणी मागं गेलं म्हणजे माणसाला पळायला सवड मिळाली, म्हणून त्यांनी आकड्यातून पाव हिस्सा वजा केला.

शेवटी उपऱ्यांचा प्रश्न राहिला, म्हणजे कामासाठी दुसऱ्या मुलखातून येऊन राहिलेल्यांचा. मी म्हणालो, ते कसे धरणार? तिथल्या यादीत ते नाहीत.

"तिथल्या न्हाईत, पर त्यांच्या गावच्या यादीत गैरहजर असत्याल का न्हाय?" अप्पा म्हणाले. "तिकडनं धरायचं. यादी नीट लिहिली असली मास्तर, तर माणूस हरवत न्हाय."

त्या वेळी मला त्या करपलेल्या भाकरीची आठवण झाली नाही. कितीदा आठवून पाहतो, पण नाही झाली. समुद्र इतका लांब होता.

वेळ अमावस्या झाली. आमच्या भागात हा सण मोठा. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी करायची, दगडाचे पांडव मांडून पुजायचे आणि सगळ्या गोतावळ्यानं तिथंच बसून सगळ्या भाज्या-शेंगांची मिसळ भज्जी, भाकरी, आंबील खायची. कुठंही पोटापाण्याला गेलेला माणूस त्या दिवशी आपल्या शेतात येतो. स्वतःचं शेत नसलं तर दुसऱ्याच्या शेतात येतो, पण येतो.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी एक बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला ओळखलं. ओठावर बोट ठेवलेली ती बाई. तिचं नाव सोजर, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हाचं हसणं तोंडावर कुठंच नव्हतं.

अप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी रीतीप्रमाणं गाव विचारलं, घर विचारलं आणि मान डोलावली. "मारुतीमागचं दुसरं घर. साडेसात भाकरी. पाच माणसं."

"चार," ती म्हणाली. "अप्पा, आमी चारच हाव. त्यातल्या अडीच भाकरी शेजारच्या व्हत्या."

अप्पांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडं गेला आणि तिथंच थांबला. मला वाटलं ते रागावतील, पण ते माझ्याकडं वळले. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. त्यांनी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? मी हो म्हणालो. एवढा मोठा माणूस माझ्या डोळ्यांदेखत लहान झाला. मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

सोजरनं कनवटीतून एक घडी पडलेलं कार्ड काढलं. नवऱ्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, दिवाळीच्या सुमाराचं. मुकादमानं काम बदललंय, आता अमक्या गावी आहोत, वेळ अमावस्येला येतो. गावचे बाकीचे सगळे त्याच्याबरोबरच होते. ती कोपीपाशी आंबिलीचं मडकं घेऊन दिवस मावळेपर्यंत बसली होती. कुणीच आलं नाही. एकसुद्धा नाही.

मी नकाशा आणला. कार्डावरचं गाव शोधायला वेळ लागला नाही, कारण ते अप्पांनी पेन्सिलीनं रंगवलेल्या पट्ट्यात होतं. मी त्याच्यावर बोट ठेवलं. ते उचलायचं मला सुचेना.

ती आधी कचेरीत जाऊन आली होती. परक्या मुलखात शोध घ्यायचा तर कचेरीचं पत्र जायला हवं. तिथं इस्पितळात, धर्मशाळेत निनावी पडलेली माणसं असतील तर त्यांना तेव्हाच कुणी नाव विचारलं असतं. कारकुनानं यादी काढून पाहिली आणि तिला सांगितलं, तुझा नवरा गावात हजर आहे, घरी जाऊन बघ.

"अप्पा, तुमच्या कागदावर त्यो रोज जेवतोय," सोजर म्हणाली. "मी कुंकू लावू का पुसू, एवढं तरी कुणाला तरी इचारा."

अव्वांनी तिला आत नेऊन पाणी दिलं. अप्पा ओसरीवरच बसून राहिले. त्यांनी आठ दिवस कोळी मोजले, मिठागरं मोजली, कुण्या लांबच्या मुलखाचे मजूर धरले. आणि ते मजूर मारुतीमागच्या दुसऱ्या घरातले होते, आणि त्यांना हजर लिहिणारं अक्षर त्यांचंच होतं. 

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या गावाला गेलो. पाटलानं राम राम केला आणि म्हणाला, सगळे हजर आहेत. लोक पारावर जमले, पण सगळ्यांची तोंडं शिवलेली. खरं सांगावं तर इतक्या महिन्यांचं उचललेलं धान्य सरकार वसूल करणार, वर शिक्षा. न सांगावं तर माणसं गेली. सोजरच्या सासूनंच तिला शिव्या दिल्या, की तू घराबाहेर बोललीसच कशी.

अप्पांनी अजूनही कुणाला काही विचारलं नाही. जित्याची खोड. ते पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "कुणी नाव सांगू नका, घर सांगू नका. त्या दिशी मला जितक्या भाकरी जास्तीच्या दावल्या, तितक्या आज हितं आणून ठेवा. गावाला काय होणार न्हाय. त्याचं मी बघतो."

मग सोजर घरात गेली. अडीच भाकरी आणून तिनं पाराच्या दगडावर ठेवल्या. अर्धी भाकरी हातानं मोडलेली, वर. ती मागं सरकली आणि दुसरी एक बाई आली. मग तिसरी, पदरानं तोंड झाकून. एक म्हातारी आली, तिनं मांडल्या, आणि तिथंच खाली बसून हंबरडा फोडला. त्यानंतर कुणालाच आवरेना. मी उभा होतो तिथून सगळा पार दिसत होता. ज्वारीच्या भाकरीचे ते ढीग मी अजून विसरलेलो नाही, आणि मला हसू आलं होतं त्याच भाकरी या.

अप्पांनी मोजल्या. साडेसत्तावीस. अकरा माणसं. मग पाटलानं आपणहून नावं सांगितली.

कचेरीत साहेब सज्जन होता. त्यानं अकरा जणांच्या शोधासाठी केलेला अप्पांचा अर्ज नीट वाचला, यादी मागवली, आमच्यापुढं ठेवली आणि दख्खनीत म्हणाला, "अप्पा, ये तो आपकीच लिखाई है. सब हाजिर. आपके हिसाब से उस गाँव का बाहर गया आदमी सिफर है." सिफर म्हणजे शून्य. तो म्हणाला ते बरोबरच होतं. दोन्ही कागद खरे असू शकत नाहीत. पत्र पाठवायचं तर यादी खोटी ठरवावी लागेल. आणि यादी खोटी म्हणजे गावानं फसवलं. गावावर कारवाई होईल, त्याचा इलाज नाही. मी अप्पांच्या मागं दाराशी उभा होतो. अकरा माणसं समुद्राकाठी गेली, आणि त्यांना शोधायला निघायच्या आधी कागदावर त्यांना घराबाहेर काढायचीच मारामार.

अप्पांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"गावानं फसवलं न्हाय साहेब," ते म्हणाले. "मी गेलोच न्हवतो. ती यादी म्या घरी बसून लिहिली."

साहेब खुर्चीत मागं झाला. "आप? घर बैठे?"

"व्हय. ऊन लई व्हतं."

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण अप्पांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी पाळली. आजपर्यंत पाळली. त्यांनी तेच उर्दूत लिहून दिलं, खाली सही केली आणि पेन्सिल कानावर ठेवायला हात नेला. मग ती साहेबाच्या टेबलावर ठेवून दिली.

त्या कचेरीत सतरा कारकून होते, त्यातले सोळा बसल्या जागीच लिहीत असतील. पण नाव अप्पांचंच झालं. याद्यांचं काम गेलं. बाजारात लोक ऐकू जाईल असं म्हणायचे, अप्पा, आमचंबी गाव घरबसल्या मोजा की. अप्पा ऐकून पुढं जायचे. मी एकदा संतापून म्हणालो, की मी सांगतो सगळ्यांना. तर म्हणाले, "मग गावाचं काय व्हईल, ते मोजून सांगा मास्तर." पुढं मी तो विषय काढला नाही.

पत्र गेलं. शिमग्याच्या आधी सात जण परत आले. मुकादम पळून गेलेला, जवळ दमडी नाही, दोघं इस्पितळात आणि पाच जण भीक मागत एका धर्मशाळेत, कुणाला नाव-गाव सांगून उपयोग नाही अशा अवस्थेत सापडले होते. चौघं आले नाहीत. त्यात सोजरचा नवरा होता.

आलेल्यांतला एक जण अप्पांच्या ओसरीवर बसून सांगून गेला. सकाळी ते वाळूत दगड वाहत होते. एकाएकी पाणी मागं गेलं, लांबच लांब, आणि उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडायला लागले. तिथले कोळी ओरडत उलट दिशेला पळत सुटले. त्यांची बोली यांना कळेना. आमच्याकडं उन्हाळ्यात तळं आटलं की सगळं गाव टोपली घेऊन चिखलात उतरतं, मासे वेचतं, हसतं. पाणी मागं गेलं म्हणजे मासे वेचायचे, एवढंच त्यांना माहीत. "आमी सात जण दगडाच्या ढिगावर व्हतो," तो म्हणाला. "ते चौघं खाली व्हते. टोपली घिऊन पळाले. सोजरीचा मालक सगळ्यात म्होरं."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं.

"पाणी मागं गेलं म्हणून म्या पाव हिस्सा वजा केला व्हता," ते म्हणाले. एवढंच. मग आत गेले. ते रडत होते हे मला अव्वांनी सांगितलं. मीही त्या दिवशी शाळेत गेलो नाही. मी भूगोल शिकवणारा माणूस, पण त्या वाळूत असतो तर टोपली घेऊन मीही पळालो असतो.

त्यानंतर अप्पांनी मोजणं सोडलं. लग्नात चपलांकडं न बघता आत जायचे. मी मुद्दाम पत्रावळी दारात टाकून पाहिल्या, पण काही बोलले नाहीत.

पुढच्या वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सोजर आली. कपाळ मोकळं, हातात फडक्यात बांधलेलं काही आणि आंबिलीचा तांब्या. अप्पांनी तिला गाव विचारलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तोंडावरून ओळखलं असेल. तिनं फडकं ओसरीवर सोडलं. भज्जी होती आणि भाकरी होत्या. दोन पूर्ण, वर मोडलेली अर्धी.

"यादीत माझ्या घरचं एक माणूस कमी झालं अप्पा," ती म्हणाली. "पर थापताना हाताला ते कळत न्हाय. रोज अडीच जास्तीच व्हत्यात."

अव्वा आतून ताट घेऊन आल्या. अप्पा मांडी घालून बसले, त्यांनी फडकं पुढं ओढलं आणि अडीचच्या अडीच भाकरी खाल्ल्या. एरवी त्यांना एक जड जायची.